पावणेतीन

फितीच्या गुंडाळीतला पुठ्ठ्याचा गाभा आधी काढायचा,
मग हलक्या हाताने ती पुन्हा गुंडाळायची, सैल.
गाभ्यासकट फेकली तर एखादीचा डोळा जायचा.
हे मला ओदागिरीबाईंनी शिकवलं,
ओसाकातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये,
जिथे खाली मासळीचं गोदाम आहे
आणि तिकिटालासुद्धा बांगड्याचा वास येतो.

एका लढतीला बारा गुंडाळ्या. जांभळ्या.
जांभळा रंग मिझुहो कागारीचा.
दिवसभर मी डब्यांच्या कारखान्यात
भाताच्या मधोमध एकेक खारवलेलं आलुबुखार ठेवते,
साडेचार हजार डबे,
आणि रात्री त्याच बोटांनी फिती सैल करत बसते.
भावोजी म्हणतात, नुरा कुस्ती, सगळं आधी ठरलेलं.
मी म्हणते, तुमचं लग्नही ठरवूनच झालं होतं,
तरी फोटोत तुमचं नाक लाल आहे.

ठरलेलं असतंच. आम्हाला तर ते आधीच कळतं.
मध्यंतरात जिन्याखाली, शीतपेयांच्या मशीनच्या उजेडात
आमची पंचायत बसते.
रिंगचा ट्रक चालवणाऱ्याचा मेहुणा कुणाला तरी म्हणाला,
शिरानुई आणि कागारी आता एका बसने जात नाहीत.
पैशावरून, म्हणे.
छे, कुत्र्यावरून. दोघींनी मिळून पाळलेला,
तो आता तिसरीकडेच असतो.
टी-शर्ट विकणारी पोरगी तोंड उघडत नाही,
पण आज तिने कागारीचे शर्ट निम्म्या किमतीला लावले होते.
आम्ही काय ते ओळखलं.

मानेचा मणका. डॉक्टरांचा कागद.
आज कागारी पडणार, सोळाव्या मिनिटाला,
शिरानुईच्या त्या उलट्या आपटीने,
आणि परत येणार नाही.
हे सांगताना ओदागिरीबाईंनी
कॉफीचा गरम डबा दोन्ही हातांत धरला होता.
उघडला नव्हता.

नाव पुकारलं. बारा फिती गेल्या.
दोरांवर, खांद्यांवर, पंचाच्या टकलावर जांभळं जाळं.
शिकाऊ पोरी ते कवेत घेऊन पळाल्या,
लेकरू उचलून पळावं तशा.

मग छातीवर पडलेला तळहात.
तो काही खोटा नसतो,
तिसऱ्या रांगेपर्यंत घामाचा शिंतोडा येतो.
मी घड्याळ पाहिलं नाही.
शेजारचा म्हातारा मात्र सारखं बघत होता;
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं,
त्याची शेवटची बस होती.

आपटी. पाठ टेकली.
पंचाचा हात: एक.
साडेतीनशे माणसं: दोन.
मला ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं,
आमची रांगच्या रांग जाणून होती,
आणि तरी माझ्या घशातून जे निघालं
ते बाळंतपणातही निघालं नव्हतं:
खांदा उचल गं, खांदा

उचलला.

पावणेतीन.

हे ठरलेलं नव्हतं.
शिरानुईने पंचाकडे पाहिलंच नाही,
कागारीकडे बघत राहिली,
गावाला गेलेलं माणूस
मध्यरात्री स्वयंपाकघरात पाणी पिताना दिसावं, तशी.
किंवा तेही ठरलेलं असेल.
दोघींनीच कुठेतरी, बस सोडून, पंचाला न सांगता.
जिन्याखाली त्याचा मागमूस नव्हता,
आणि पहिल्यांदाच मला
काही न कळल्याचं बरं वाटलं.

दुसऱ्या आपटीला ती पडली. तीन.
म्हातारा उभा राहिला, बस चुकवून.
शिरानुईने वाकून तिच्या केसांत अडकलेला
जांभळ्या कागदाचा तुकडा काढला,
आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली.

माझे खिसे पुठ्ठ्याच्या गाभ्यांनी भरलेले.
जिन्यात ओदागिरीबाईंनी माझी बाही ओढली:
ओठ हलले ना तिचे? पाहिलंस ना?
काय म्हणाली असेल?

मी म्हटलं, कुत्र्याचं नाव.